बर्र : एका आयरिश बाजारगावातील एकोणिसाव्या शतकाच्या इमारती आणि त्यांचा मधला काळ

आयर्लंडच्या नकाशावर बेटाचा मध्य शोधत बोट फिरवली, तर ते ऑफली परगण्यातल्या बर्र या गावाच्या आसपास थांबते. सतराव्या शतकात सर विल्यम पेटी याने या गावाला लॅटिनमध्ये ‘आयर्लंडची बेंबी’ असे म्हणून ठेवले आहे, आणि त्या मध्यबिंदूचा मान सांगणारी सेफिन नावाची शिळा आजही गावात जॉन्स मॉलवर पाहायला मिळते. कॅमकॉर नदीकाठचे हे बाजारगाव, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात एकोणिसाव्या शतकात जे बांधले गेले त्याची यादी मात्र एखाद्या शहराला शोभावी अशी आहे : ग्रीक देवळाच्या घाटाचे सभागृह, दोन चर्च, नामांकित वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावरून उभारलेले कॉन्व्हेंट (जोगिणींचा मठ), हजाराहून अधिक सैनिकांच्या बराकी, आठशे निराधारांसाठीचे वर्कहाऊस, दोन दिशांना जाणारे लोहमार्ग आणि त्या काळची जगातली सर्वांत मोठी दुर्बीण.

या सर्व बांधकामांचा पहिला उपयोग विसाव्या शतकाअखेर संपला होता किंवा पार बदलला होता. चर्च तेवढी अपवाद. त्यानंतर त्यांच्या वाट्याला आलेले नशीब मात्र सारखे नाही. एका इमारतीत आज वाचनालय आहे, दुसरीत नाटके होतात, तिसरी जळून गेली, चौथी लोकांनी अक्षरशः उचलून नेली आणि पाचवी अजून कोणाची तरी वाट पाहत उभी आहे. गाव तेच, शतक तेच, दगड बहुतेक ठिकाणी तोच करडा चुनखडीचा; मग फरक कशाने पडला, हा या प्रकरणातला प्रश्न. माझे म्हणणे असे की वास्तूचे सौंदर्य, तिचे वय किंवा तिच्या रचनाकाराचे नाव यांपेक्षाही पहिला उपयोग संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतचा मधला काळ किती लांबला आणि त्या काळात किल्ली कोणाच्या हातात होती, यावर बर्रमधल्या बहुतेक इमारतींचे भवितव्य ठरले.

जमीनदाराचे गाव

पार्सन्स घराण्याला १६२० मध्ये इथली जहागीर मिळाली आणि गावाचे नावही पुढे जवळजवळ तीनशे वर्षे पार्सन्सटाउन असेच चालले. परगण्याला त्या काळी किंग्ज काउंटी म्हणत. घराण्याच्या प्रमुखाला पुढे अर्ल ऑफ रॉस हा किताब मिळाला. गावाची जमीन एकाच घराण्याच्या मालकीची असल्याने रस्ते कोठून कोठे जावेत, घरे रस्त्यापासून किती आत असावीत, दर्शनी भिंतींची उंची किती असावी, हे बरेचसे त्यांच्या कचेरीत ठरे, आणि घरे बांधणारे भाडेपट्टेदार त्या चौकटीत बांधत. आज गावातून फिरताना जो एकसारखेपणा जाणवतो तो या एकहाती मालकीचा परिणाम आहे. त्यात नगररचनेची जाण होती तशी सत्तेची हौसही होती. ऑक्समंटाउन मॉल हा रस्ता घराण्याच्या वाड्याच्या वेशीपासून निघतो आणि थेट चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या १८१५ मधल्या सेंट ब्रेंडन चर्चपाशी संपतो. एका टोकाला जमीनदार, दुसऱ्या टोकाला त्याचा पंथ, आणि मध्ये झाडांच्या रांगेआड वकील, डॉक्टर, लष्करी अधिकारी यांची घरे. बहुसंख्य कॅथलिकांचे चर्च गावाच्या दुसऱ्या बाजूला, १८१७ ते १८२४ या काळात बांधले गेले.

निष्ठांचा हा गुंता चौकाचौकांत दिसतो. मुख्य चौकात १७४७ चा एक उंच स्तंभ आहे. कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या बंडखोरांना चिरडणाऱ्या ड्यूक ऑफ कंबरलंडचा पुतळा त्यावर होता. पुतळा धोकादायक झाला म्हणून १९१५ मध्ये उतरवला, तो परत चढला नाही. चौकाचे नाव बदलून देशभक्त रॉबर्ट एमेटच्या नावावरून एमेट चौक झाले, पण रिकामा स्तंभ तसाच आहे. बाजार चौकात १८६७ साली मँचेस्टरलगतच्या सॅलफर्डमध्ये फाशी गेलेल्या तीन आयरिश क्रांतिकारकांचे स्मारक आहे, आणि जॉन्स मॉलवर दुर्बीण बांधणाऱ्या तिसऱ्या अर्लचा ब्राँझचा पुतळा, जॉन हेन्री फोली याने घडवलेला. पाच-दहा मिनिटांच्या चालण्यात राजनिष्ठा, बंड आणि विज्ञान या तिन्हींना नमस्कार घडतो. यांतले काहीही दुसऱ्याला जागा करून देण्यासाठी पाडले गेले नाही, ही या गावाची मला वाटते विशेष गोष्ट आहे.

ऑक्समंटाउन मॉलवरच्या एखाद्या घरापाशी थांबून पाहावे. दगडी जोत्यावर चुन्याचा गिलावा, दारावर पंख्यासारखा उलगडलेला काचेचा झरोका, आणि वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या. या खिडक्यांच्या चौकटीच्या पोकळीत दोरीला बांधलेली लोखंडी वजने लोंबकळत असतात. खिडकी वर ढकलली की वजन खाली उतरते आणि ती हव्या त्या उंचीवर थबकते. जुनी काच हाताने बनवलेली असल्याने तिच्यातून पाहिले तर समोरचे झाड किंचित हलल्यासारखे दिसते. दोरी तुटली तर नवी बसवता येते, खालची फळी कुजली तर तेवढीच बदलता येते. थोडक्यात, ही खिडकी दुरुस्त करत करत दोनशे वर्षे चालवण्यासाठीच केलेली असते. तिच्या जागी पीव्हीसीची खिडकी बसवली, की बिघाड झाल्यावर ती सगळीच काढून टाकावी लागते. भिंतींचेही तसेच आहे. चुन्याचा गिलावा दगडातला ओलावा बाहेर पडू देतो; त्यावर सिमेंट फासले की ओल आत कोंडते, आणि मग मालक ‘जुन्या घरांना ओल येतेच’ असे म्हणत आणखी सिमेंट फासतो. आयर्लंडच्या मध्यभागात पाऊस एकदम कोसळत नाही, पण वर्षभर रिमझिमत राहतो, आणि अशा हवेत या चुकीची किंमत लवकर मोजावी लागते.

जळालेले आणि चोरलेले

गावालगतच्या क्रिंकिल येथे १८०९ ते १८१२ या काळात बराकी बांधल्या गेल्या. नेपोलियनबरोबरच्या युद्धाचे ते दिवस होते आणि आयर्लंडमध्ये १७९८ चे बंड ताजे होते, त्यामुळे बेटाच्या मध्यावर फौज ठेवण्यामागचा हेतू स्पष्टच आहे. १८८१ मध्ये ब्रिटिश सैन्याची फेररचना झाली तेव्हा या बराकी लीन्स्टर रेजिमेंटचे मुख्य ठाणे झाल्या. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. दोन जुन्या पलटणी जोडून ही रेजिमेंट तयार झाली होती, आणि त्यांतली दुसरी होती १०९ वी (बॉम्बे इन्फन्ट्री) पलटण. ती मूळची ईस्ट इंडिया कंपनीची, १८५३ मध्ये उभी केलेली तिसरी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. १८५८ साली सर ह्यू रोझच्या ज्या सैन्याने झाशीला वेढा घातला, त्यात ही पलटण होती. राणी लक्ष्मीबाईंच्या तटावर चालून गेलेल्या पलटणीचा वारसा सांगणारी रेजिमेंट चाळीस वर्षे या आयरिश गावाच्या वेशीवर मुक्कामाला होती, आणि गावातल्या कित्येक घरांची चूल तिच्यावर चालत होती.

१९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर ही रेजिमेंट विसर्जित झाली. ब्रिटिश सैनिक निघून गेले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये यादवी युद्धात माघार घेणाऱ्या करारविरोधी (म्हणजे ब्रिटनशी झालेला करार अमान्य असलेल्या) तुकड्यांनी बराकी पेटवून दिल्या, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या हाती त्या लागू नयेत. जे उरले त्याला पुन्हा छप्पर घालण्यात कोणाचाही स्वार्थ नव्हता. इथे मधला काळ नव्हताच म्हटले तरी चालेल. काही महिन्यांचा होता, आणि त्या काही महिन्यांत किल्ली ज्याच्या हाती आली त्याला ही इमारत नको होती.

पार्सन्सटाउन ते पोर्टम्ना हा लोहमार्ग याच्या उलट टोकाचा. रॉस्क्रेहून बर्रला येणारी रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि ती रीतसर चालून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रीतसर बंद झाली. पण तिथून पुढे शॅनन नदीकाठच्या पोर्टम्नापर्यंतचा साधारण बारा मैलांचा फाटा म्हणजे अतिउत्साहाचा नमुना होता. त्यासाठी सरकारी कर्ज काढले, १८६८ मध्ये गाड्या सुरू झाल्या, उत्पन्न कधी जमले नाही, आणि दहा वर्षांचा चालवण्याचा करार संपताच, १८७८ च्या अखेरीस, गाड्या चालवणाऱ्या मोठ्या रेल्वे कंपनीने अंग काढून घेतले. मूळ कंपनीकडे पैसा नव्हता, कर्ज देणाऱ्या सरकारी खात्याला गाड्या चालवायच्या नव्हत्या, आणि पहारा ठेवण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरेना. मग परिसरातल्या लोकांनीच ते ठरवून टाकले. रूळ गेले, स्लीपर गेले, कुंपणे गेली, स्थानकांचे बांधकाम साहित्य गेले. आयर्लंडमध्ये हा मार्ग आजही ‘चोरलेली रेल्वे’ याच नावाने ओळखला जातो. हे ऐकून हसू येते, पण प्रकरण म्हणून पाहिले तर ते अगदी स्वच्छ आहे : मालकी कागदावर होती आणि प्रत्यक्षात नव्हती. अशा मालमत्तेचे काय होते, हे जाणण्यासाठी वास्तुशास्त्राची गरज लागत नाही.

ज्यांना लवकर भाडेकरू मिळाला

जॉन्स हॉल ही १८३३ ची छोटी वास्तू. दुसऱ्या अर्लचा धाकटा मुलगा जॉन क्लिअर पार्सन्स १८२८ मध्ये तरुणपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ ती बांधली. रचनाकार बर्नार्ड मलिन्स. दर्शनी भागात चार आयोनिक खांब, वर त्रिकोणी शिखरपट्टी, आणि नमुना अथेन्सजवळच्या इलिसस नदीकाठच्या देवळाचा. गंमत अशी की ते मूळ देऊळ १७७८ मध्येच पाडले गेले होते. त्याची मोजमापे घेऊन काढलेली रेखाटने त्याआधी प्रसिद्ध झाली होती म्हणून त्याचा घाट टिकला, आणि पंचावन्न वर्षांनी एका आयरिश बाजारगावात तो पुन्हा दगडात उतरला. जॉन्स हॉल लहान आहे, चारी बाजूंनी दिसतो, त्याला मोठी देखभाल लागत नाही, आणि कोणत्याही काळात गावाला एक सार्वजनिक खोली हवीच असते. त्यामुळे त्याची आबाळ झाली नाही. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही, आणि इमारतीच्या दृष्टीने ही स्तुतीच आहे.

कॉन्व्हेंटची गोष्ट थोडी वादातून निघते. १८२० च्या दशकात बर्रच्या कॅथलिक समाजात नव्या चर्चच्या कारभारावरून आणि धर्मगुरूच्या नेमणुकीवरून मोठी फूट पडली. फादर मायकेल क्रॉटी आणि त्यांचे अनुयायी वेगळे झाले. ही दुही मिटवण्यासाठी सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या संस्थापिका कॅथरीन मॅकॉली १८४० च्या डिसेंबरमध्ये स्वतः काही जोगिणींना घेऊन इथे आल्या. पुढे त्यांच्यासाठी जी वास्तू उभी राहिली तिचा आराखडा ए. डब्ल्यू. एन. प्युजिन यांचा, म्हणजे लंडनच्या संसदभवनाचे गॉथिक नक्षीकाम ज्यांनी केले त्यांचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडभर धर्मसंघांत येणाऱ्या तरुणींची संख्या घसरली आणि मोठमोठी कॉन्व्हेंटे रिकामी होऊ लागली. त्यांतली अनेक आज बंद पडून आहेत. बर्रमध्ये मात्र स्थानिक शासनाला कार्यालयासाठी आणि वाचनालयासाठी जागा हवी होती. गावाचे वाचनालय आज याच वास्तूत आहे, आणि तिथे मॅक रेगोलच्या गॉस्पेलची प्रतिकृती पाहायला मिळते. इसवी सन ८०० च्या सुमाराचे ते हस्तलिखित बर्रच्या मठाधिपतीच्या नावाने ओळखले जाते; मूळ प्रत ऑक्सफर्डला आहे. मठातले पुस्तक मठातच परतले असे म्हणायचा मोह होतो, पण मठ वेगळा आणि पुस्तकही नक्कलच, तेव्हा तो आवरलेला बरा.

१८८९ मधले ऑक्समंटाउन हॉल हे सभागृहही असेच सुदैवी. ते करमणुकीसाठीच बांधले गेले, मध्ये त्याला उतरती कळा लागली, आणि २००० साली बर्र थिएटर अँड आर्ट्स सेंटर म्हणून ते नव्याने उघडले. इथे दुसरा उपयोग आणि पहिला उपयोग जवळपास एकच. रंगमंच, प्रेक्षागृह, प्रवेशदालन यांची उलथापालथ करावी लागली नाही. नवे काम जुन्या खोल्यांच्या मापात बसले तर खर्च किती वाचतो, हे या इमारतीवरून कळते.

दुर्बीण : एक लांबलेला मधला काळ

तिसरा अर्ल विल्यम पार्सन्स हा हाताने काम करणारा जमीनदार होता. वाड्याच्या आवारात त्याने भट्ट्या घातल्या, गावातल्या आणि जहागिरीतल्या माणसांनाच शिकवून कारागीर केले, आणि १८४२ मध्ये पीटच्या (दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीच्या) आचेवर तांबे व कथील वितळवून ७२ इंच व्यासाचा आरसा ओतला. आरशाचे वजन सुमारे तीन टन. हा मिश्रधातू लवकर काळवंडतो, म्हणून असे दोन आरसे केले, एक वापरात असताना दुसऱ्याला घासून झिलई देता यावी. सोळा मीटरहून लांब लाकडी नळी पेलायला उत्तर-दक्षिण अशा दोन समांतर दगडी भिंती बांधल्या, सुमारे पंधरा मीटर उंचीच्या, आणि त्यांना वाड्याशी जुळेल असा किल्ल्यासारखा कंगोरा दिला. भिंतींमुळे नळी वरखाली भरपूर फिरे, पण डावीउजवीकडे फार थोडी. एखादा तारा त्या फटीतून सरकून जाईपर्यंत जेमतेम तासाभराचे निरीक्षण मिळे. तरीही १८४५ च्या एप्रिलमध्ये या दुर्बिणीतून एम ५१ या दीर्घिकेचा (तेव्हा तिला तेजोमेघ म्हणत) सर्पिल आकार मानवी डोळ्याला प्रथम दिसला. १९१७ मध्ये माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण सुरू होईपर्यंत आकाराने हिला मागे टाकणारी दुसरी नव्हती.

त्याच १८४५ च्या उन्हाळ्याअखेर बटाट्याच्या पिकावर रोग आला आणि महादुष्काळ सुरू झाला. निरीक्षणे बराच काळ थांबली. वाड्याभोवतीचा खंदक आणि ताऱ्याच्या आकाराचे बुरूजवजा बांधकाम याच काळात, हाताला काम देण्यासाठी म्हणून झाले. अर्लची पत्नी मेरी रॉस हिने या कामाकडे जातीने लक्ष दिले. पुढे १८५० च्या दशकात ती छायाचित्रे काढू लागली आणि तिने दुर्बिणीचीही अनेक छायाचित्रे काढून ठेवली. त्याचा उपयोग किती होणार आहे, याची तिला कल्पना असणे शक्य नव्हते.

दुर्बीण शतकाच्या शेवटी निकामी झाली. १९०८ मध्ये ती काही अंशी मोडून उतरवली, एक आरसा १९१४ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला गेला, आणि नळी दोन भिंतींच्या मध्ये पडून राहिली. मधला काळ जवळजवळ नव्वद वर्षांचा. माझे आधीचे म्हणणे खरे असेल तर ही वास्तू नष्ट व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण किल्ली कधीच हरवली नाही : जागा वाड्याच्या बंदिस्त बागेत होती, घराणे तिथेच राहत होते, भिंती दगडी आणि बिनछपराच्या असल्याने छपराचे दुखणे नव्हते, आणि नळी चोरून नेऊन कोणाला काही मिळणार नव्हते. १९९० च्या दशकात पुनर्बांधणी ठरली तेव्हा मूळ नकाशेच नव्हते. मायकेल टब्रिडी या निवृत्त स्थापत्य अभियंत्याने (लोकसंगीताच्या चाहत्यांना ते ‘द चीफ्टन्स’चे जुने वादक म्हणून ठाऊक असतील) उरलेले अवशेष मोजले, जुनी टिपणे वाचली आणि मेरी रॉसची छायाचित्रे समोर ठेवून साखळ्या, कप्प्या, प्रतिवजने व निरीक्षकाचे सज्जे कसे असतील ते उलगडले. १९९६-९७ मध्ये दुर्बीण पुन्हा उभी राहिली आणि १९९९ मध्ये तिला ॲल्युमिनियमचा नवा आरसा बसला. घराच्या अल्बमसाठी काढलेल्या फोटोंनी नकाशांचे काम करावे, हे या प्रकरणातले मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली की घरातल्या लग्नमुंजीच्या फोटोंतली मागची भिंत आधी पाहावी, ती याचसाठी.

वर्कहाऊस

१८३८ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये दारिद्र्यनिवारणाची इंग्लंडच्या धर्तीची व्यवस्था आली. देशाचे विभाग पाडले आणि प्रत्येकात एक वर्कहाऊस बांधायचे ठरले. जॉर्ज विल्किन्सन या एकाच रचनाकाराकडे हे काम होते; पहिल्या फेरीत १३०, नंतर आणखी ३३. बर्रचे वर्कहाऊस पहिल्या फेरीतले, सुमारे आठशे माणसांसाठी, गावाच्या जरा बाहेर. आराखडा सगळीकडे जवळपास ठरलेला : पुढे प्रवेशाची व नोंदणीची इमारत, तिच्यामागे राहण्याची लांब मुख्य इमारत, आणि शेवटी रुग्णालय. दारातून आत आलेले कुटुंब पहिल्याच अंगणात फुटे. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मुलगे आणि मुली आणखी वेगळ्या आवारांत. भिंतींना आतून गिलावा नाही, नुसता चुन्याचा हात. झोपायला लाकडी ओटे. इमारत मुद्दाम अशी ठेवलेली की दुसरा काहीही आसरा असणाऱ्याने इकडे फिरकू नये. दुष्काळात माणसांना दुसरा आसरा उरला नाही, आणि वर्कहाऊसे मापाबाहेर भरली.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था गेली. काही वर्कहाऊसे यादवीत जळाली, काहींची जिल्हा रुग्णालये झाली, बरीच पाडली गेली. बर्रची इमारत आज मोठ्या प्रमाणावर ओसाड आहे. खरे तर तिचे दगडकाम साधे पण चांगले आहे, आणि एवढी बांधीव जागा गावात दुसरीकडे नाही. पण तिचा मधला काळ फक्त पैशाअभावी लांबलेला नाही. जिथे आपले पणजोबा ताटातूट होऊन मेले असतील तिथे फ्लॅट घ्यावा किंवा दुकान थाटावे, असे कोणाला वाटणार? कॉन्व्हेंटच्या बाबतीत गावाला आठवणी होत्या. इथे असलेल्या आठवणी कोणी सांगत नव्हते. वर्कहाऊसमध्ये पूर्वज होते हे आयरिश कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवत आली. ज्या इमारतीबद्दल कोणी बोलत नाही, तिची पन्हळ तुंबली आहे हेही कोणी बोलत नाही.

आणि इमारती मरतात त्या पन्हळीपासून. क्रम ठरलेला असतो. दोन उतार मिळतात त्या खोळीत पाने साचतात, पाणी शिशाच्या पत्र्याखाली शिरते, एक स्लेटची पाटी घसरते. त्या एका पाटीएवढ्या भोकातून वाशाचे भिंतीत बसलेले टोक भिजते, आणि टोक कुजले की वासा भिंतीतून सुटतो. वासा सुटला की शेजारच्या दहा पाट्या सुटतात. पहिली पाटी घसरली तेव्हा शिडी, एक माणूस आणि अर्धा दिवस एवढाच खर्च असतो; वासे बसल्यावर तो कोणत्याही छोट्या गावाच्या अंदाजपत्रकाबाहेर जातो.

कायदा या बाबतीत कागदावर भक्कम आहे. नियोजन व विकास कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक नियोजन संस्थेला संरक्षित वास्तूंची यादी ठेवावी लागते. अशी वास्तू धोक्यात येऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, त्याने ते केले नाही तर त्याला नोटीस देता येते, आणि शेवटी वास्तू ताब्यातही घेता येते. १९९० च्या ओसाड जागांविषयीच्या कायद्याखाली वार्षिक कर लावता येतो. २०२० मध्ये तो बाजारभावाच्या ७ टक्के झाला. अडचण अशी की नोटीस बजावली आणि मालकाने हात वर केले, तर दुरुस्ती करायची पाळी त्याच संस्थेवर येते, आणि तिच्याकडे शंभर वेगळी कामे असतात. म्हणून अधिकार असूनही तो जपून वापरला जातो. रिकाम्या घरांसाठीचे अनुदान २०२३ मध्ये वाढून ५०,००० युरो, आणि ओसाड घरासाठी ७०,००० युरो झाले. मुख्य रस्त्यावरच्या दुकानाच्या वरचे दोन रिकामे मजले राहते करायला ते उपयोगी पडते. वर्कहाऊसच्या आकारापुढे मात्र ते पुरे पडत नाही.

शेजारच्या गॅलवे परगण्यात, ‘चोरलेल्या रेल्वे’चे दुसरे टोक असलेल्या पोर्टम्नात, याच विल्किन्सनचे वर्कहाऊस आहे. ते दुसऱ्या फेरीतले, १८५२ मध्ये उघडलेले. तिथल्या ग्रामविकास संस्थेने सगळे एकदम करायचा हट्ट धरला नाही, आणि दुसरा उपयोग म्हणून भलतेच काही आणलेही नाही : २०११ पासून तिथे आयरिश वर्कहाऊस सेंटर आहे, आणि येणाऱ्याला वर्कहाऊसच दाखवले जाते. ज्या आठवणीमुळे इमारतीकडे पाठ फिरवली गेली होती, तीच आठवण आता तिचा उपयोग झाली. बाकी इमारतींचे काम टप्प्याटप्प्याने चालू राहिले. बर्रमध्ये दुसरे असेच केंद्र काढण्यात अर्थ नाही. एवढ्या जवळ दोन चालणार नाहीत. तिथे घरे, कार्यशाळा, साठवणीची जागा असे मिश्र काहीतरी शोधावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल. तोपर्यंत करण्यासारखे काम लहान आहे : उरलेल्या छपरांवर तात्पुरते आच्छादन, पन्हळी मोकळ्या, खिडक्यांना हवा खेळेल अशा फळ्या, भिंतींच्या माथ्यावर चुन्याची टोपी, आणि दर हिवाळ्याआधी शिडी घेऊन वर चढणारा एक नेमलेला माणूस.